पोमाआजीचा हिरवा काढा

फोन वाजला तेव्हा सार्जंट अडाईच्या एकाच पायात बूट होता. दुसरा पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. गुडघा तीन दिवस ठणकत होता आणि झोप म्हणाल तर दोन रात्री नव्हती.

"सार्जंट, लवकर या. ड्वुमा पडलाय. तोंडातून फेस येतोय. लोक पोमाआजीची टपरी जाळायला निघालेत."

"कोण बोलतंय?"

"सिस्टर डोनकोर, दवाखान्यातून."

"पडलाय म्हणजे? दारू?"

"सकाळी साडेआठला कोण पितं दारू?"

"एकतीस वर्षं पोलिसात आहे, सिस्टर. पितात."

"विष आहे हो! या."

अडाईनं पाय पुसला, बूट चढवला आणि निघाला. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. हे दोन महिने नुसते खुर्चीत बसून काढायचे, असं त्यानं देवाशी ठरवलं होतं. देवानं काही कबूल केलं नव्हतं म्हणा.

ड्वुमा म्हणजे कोकोच्या बागांवर फवारणी करणाऱ्या टोळीचा मुकादम. आठ माणसं, पाठीवर पंप घेऊन रोज झाडाखाली फिरणारी. पहाटे कामावर जाण्याआधी सगळे पोमाआजीच्या टपरीवर थांबायचे. शेवग्याचा पाला, लाल अंबाडीची बोंडं, आलं आणि थोडा मध. हा हिरवा काढा प्यायल्याशिवाय एकही जण पंप उचलायचा नाही. फवारणीनं हात कापायला लागतात, बोटं बधिर होतात. काढ्यानं ते होत नाही, असा त्यांचा विश्वास. आज काढा पिऊन दोन तास झाले आणि मुकादम बागेत आडवा झाला. ओकला तेही हिरवं.

टपरीपुढं तीसेक माणसं जमली होती. सगळ्यांत पुढं ड्वुमाची बायको सेरवा, हातात रॉकेलचा डबा.

"तो डबा खाली ठेव, सेरवा," अडाई म्हणाला.

"माझा नवरा मरतोय आणि तुम्ही डब्याचं बोलता?"

"तुझा नवरा दवाखान्यात आहे आणि तू इथं. आधी त्याच्यापाशी जा. जाळायचं ते संध्याकाळीही जाळता येतं."

सेरवा रडायला लागली. डबा कुणीतरी तिच्या हातातून काढून घेतला.

अडाईनं जिल्ह्याच्या साहेबाला फोन लावला. साहेबाचं उत्तर सरळ होतं. गावात आग लागायला नको. चार वाजता जीप येईल. तोवर दुसरा कुणी सापडला तर ठीक, नाहीतर म्हातारीला जीपमध्ये घालायचं.

आता जिल्ह्याची कोठडी काय असते ते अडाईला ठाऊक होतं. खटला उभा राहायलाच तीन वर्षं. पोमाआजीचं वय बहात्तर.

ती टपरीत पाटावर बसली होती. शांत. चुलीवरचं पातेलं अजून कोमट होतं.

"काय घातलंस गं आजी काढ्यात?"

"तुझं डोकं घातलं! तीस वर्षं जे घालते तेच."

"पाला कधी तोडला?"

"परवा, बुधवारी. काल कसा तोडीन? काल गुरुवार. धरणीमातेच्या वारी मी पाला तोडत नाही, तुला ठाऊक नाही होय? पोलीस झालास म्हणून गावचा राहिला नाहीस?"

"ठाऊक आहे. विचारावं लागतं. काढा सगळ्यांनी प्यायला?"

"आठही जणांनी. एकाच पातेल्यातला."

"आणि वाट्या?"

"ज्याची त्याची भोपळ्याची वाटी. ती बघ, खुंटीला ड्वुमाची."

"म्हणजे त्याच्या एकट्याच्या वाटीत कुणी काही टाकू शकतं."

"टाकू शकतं की. मीसुद्धा टाकू शकते. घाल बेड्या."

अडाई हसला नाही. "आज तो प्यायला कसा, ते सांग."

"रोजच्यासारखा. वाटी घेतली, तिथं खांबाशी गेला, पूर्वजांना चार थेंब वाहिले, आणि तिथल्या तिथं उभ्यानंच घटाघटा प्यायला. मी म्हटलं, बस की रे. तर म्हणाला, वेळ नाही."

अडाई खांबापाशी गेला. गुडघा धरून कसाबसा वाकला. मातीत हिरवा ओला डाग होता. मधामुळं त्याच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. काळ्या, बारीक, घाईत. तो बराच वेळ बघत राहिला.

"काय रे, मुंग्यांची जबानी घेतोस काय?" आजीनं विचारलं.

"घेतली," अडाई म्हणाला आणि उठला. वाटी त्यानं फडक्यात बांधून बरोबर घेतली.

दवाखान्यात ड्वुमा खाटेवर होता. श्वास घरघरत होता, दंडाचे स्नायू आपोआप थरथरत होते. सिस्टर डोनकोरनं पापणी उचलून दाखवली. बुबुळाचा काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता.

"फवारणीच्या औषधाची विषबाधा आहे ही," ती म्हणाली. "सुया देतेय. पण सार्जंट, जे औषध हे लोक मारतात ना, ते इतकं जहाल नाही. पाच वर्षं झाली, कुणी असं पडलं नाही."

"पोटातून गेलं?"

"तसंच वाटलं होतं. पण हे बघा." तिनं त्याला कुशीवर वळवलं. दोन खांद्यांच्या मध्ये, पंप टेकतो तिथं, कातडी लालभडक झाली होती, भाजल्यासारखी. "शर्ट कापून काढला. पाठ चिंब होती. मला वाटलं घाम."

"शर्ट कुठाय?"

"पिशवीत बांधून ठेवलाय. वास घेऊ नका. लसणासारखा येतो."

अडाई स्टुलावर बसला. "एक सांगा. तो काढा, त्यात खरंच काही असतं का? की नुसता हिरवा चहा?"

"असतं. विषानं नसांच्या आत गंज चढतो, असं समजा. शेवग्यात, अंबाडीत हा गंज रोखणारं काहीतरी आहे. युनिव्हर्सिटीवाले त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. त्यांनी मला काम दिलंय. दर महिन्याला मी टोळीचे हात तपासते. पालथ्या हातावर कागद ठेवायचा आणि तो किती थरथरतो ते बघायचं. दोन वर्षं काढा पिणाऱ्यांचा कागद हलत नव्हता. शेजारच्या गावची टोळी काढा पीत नाही, त्यांचा हलायचा."

"मग गुण आहे."

"होता. गेले चार महिने आपल्याही आठही जणांचा कागद हलायला लागलाय."

"काढा बदलला?"

"तोच. मी स्वतः जाऊन पातेल्यात डोकावले. आजीनं मला पळी फेकून मारली." ती थांबली. "ड्वुमालाही हेच सतावत होतं. बुधवारी एक बाटली घेऊन आला. फवारणीच्या औषधाची, निळ्या टोपणाची. म्हणाला, सिस्टर, ही शहरात तपासायला पाठवा. कपाटात ठेवलीय. आज शर्टाचा वास आला म्हणून उघडून बघितली. तोच लसणाचा वास. मूळच्या औषधाला तो येत नाही."

"बाटली देताना कोण होतं इथं?"

"बरेच जण होते. डोळ्यांत थेंब घालायचा दिवस होता तो. न्यार्को होता, गोदामाचा एशुन होता, दोनतीन बायका."

न्यार्को म्हणजे टोळीतला ड्वुमाचा जोडीदार. या कामात जोडी लागते. भरलेला पंप एकट्यानं पाठीवर चढत नाही, जोडीदारानं उचलून द्यावा लागतो. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, न्यार्कोला मुकादमकी हवी होती. महिन्यापूर्वी दोघांनी एकमेकांची कॉलर धरली होती.

न्यार्को बागेतच बसला होता, जिथं ड्वुमा पडला तिथं. डोळे सुजलेले.

"पंप तू चढवलास त्याच्या पाठीवर?"

"रोज मीच चढवतो, मामा."

"आज काही वेगळं?"

"काही नाही. तो म्हणाला, पाठीला गार लागतंय. मी म्हटलं, घाम असेल. म्हातारा झालास, आता मला मुकादम कर." त्याचा आवाज फाटला. "चेष्टेत म्हणालो हो."

"औषध टाकीत कोण ओततं?"

"एशुनदादा. गोदामात, मापून. चोरी नको म्हणून. आम्ही फक्त पाणी घालतो."

अडाई ओळीनं चालत गेला. न्यार्कोनं फवारलेली झाडं टवटवीत होती. ड्वुमाच्या ओळीत पानांच्या कडा आक्रसल्या होत्या, उकळतं पाणी पडल्यासारख्या. बुंध्याशी गवत करपलं होतं. एकाच गोदामातून, एकाच सकाळी भरलेले दोन पंप आणि त्यांच्यात एवढा फरक.

ड्वुमाचा पंप तिथंच पडला होता. अडाईनं हातमोजा घालून तो फिरवला. पाठीला लागते त्या बाजूला, पट्ट्याच्या आड, एक भोक होतं. खिळ्याएवढं, कडा वितळलेल्या. भोकाभोवती पांढरट चिकट काहीतरी होतं. काडीनं खरवडून त्यानं पाण्यात घोळलं. फेस आला.

"साबण," अडाई स्वतःशी म्हणाला.

"काय, मामा?"

"काही नाही. ऊठ, आणि घरी जाऊ नकोस. टपरीपाशी जाऊन बस. लोक तुला शोधत येतील, त्यापेक्षा सगळ्यांसमोर असलेलं बरं."

दीड वाजून गेला होता. गोदामाच्या दारात एशुन केन्के, म्हणजे मक्याच्या आंबट पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा खात बसला होता. पाच महिन्यांपूर्वी समुद्रकाठच्या गावातून इथं नेमणुकीवर आला होता. गोड बोलणारा, स्वच्छ शर्ट घालणारा माणूस. गावातली पोरंसोरं त्याला 'मासा' म्हणायची, तो रागवायचा नाही.

"या सायेब, जेवा."

"नको. भूक मेलीय. सकाळी औषध तूच मापून दिलंस?"

"हो, आठही टाक्यांत सारखं. एकेक टोपण."

"पंप रात्री कुठं असतात?"

"आत. कुलूप एकच, किल्ली एकच. ही बघा, कमरेला. झोपतानाही काढत नाही. सरकारी माल आहे, सायेब."

"ड्वुमाशी काही वाकडं?"

"छे! देवमाणूस. ती म्हातारी मात्र... पाल्यानं विष उतरतं म्हणते. अडाणी लोक. कधीतरी हे होणारच होतं."

"काढ्यात काही नव्हतं, एशुन."

एशुनचा घास हातात राहिला. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "सायेब, मग एक सांगू? कुणाचं वाईट करायचं नाही मला. पण काल दुपारी मी न्यार्कोला पाहिलं. गोदामामागं, सावलीत. ड्वुमाचा पंप मांडीवर घेऊन काहीतरी खटपट करत होता. मला वाटलं, सुट्टीचा वार, दुरुस्ती करतोय. आपण काय बोलणार?"

"काल दुपारी?"

"काल दुपारी. डोळ्यांनी पाहिलं."

"शपथेवर सांगशील?"

"बायबलवर हात ठेवून."

"चल तर मग टपरीपाशी. तिथंच सांग, सगळ्यांसमोर. किल्ली असू दे बरोबर."

साडेतीनला अख्खं गाव टपरीपुढं होतं. सेरवा आणि सिस्टर डोनकोरही दवाखान्यातून आल्या होत्या. एशुननं सगळं सांगितलं, अगदी व्यवस्थित. सांगत असतानाच लोकांत कुजबुज सुरू झाली. न्यार्को उठून अंगावर धावला, दोघांनी त्याला धरलं.

अडाई उलट्या बादलीवर बसला. उभं राहून बोलण्याइतका गुडघ्यात जीव नव्हता.

"ऐका. एकदाच सांगणार आहे, दमलोय मी. आधी काढ्याचं. ड्वुमानं स्वतःच्या वाटीतून पूर्वजांना थेंब वाहिले आणि तीच वाटी तिथल्या तिथं तोंडाला लावली. ते थेंब खांबापाशी आहेत. मुंग्या सकाळपासून त्यावर जेवतायत. जे मुंगीला मारत नाही ते सहा फुटी मुकादमाला काय मारणार? आजी सुटली."

"मी अडकले कधी होते?" पोमाआजी आतून म्हणाली.

"गप बस गं जरा. विष पाठीतून गेलं. पंपाला तापल्या खिळ्यानं भोक पाडलं आणि ते साबणानं बुजवलं. पाणी भरलं तेव्हा गळत नव्हतं. चालता चालता साबण विरघळला आणि पाझर सुरू झाला. पण आपलं नेहमीचं औषध पाझरलं असतं तर खाज आली असती, माणूस पडला नसता. त्या टाकीत काहीतरी दुसरंच होतं. ड्वुमानं फवारलेली पानं भाजलीत, न्यार्कोची नाहीत."

"टाकी कोण भरतं?" कुणीतरी विचारलं.

"तिकडंच येतोय. सिस्टरकडं दोन वर्षांचा हिशोब आहे, कुणाचे हात किती कापतात त्याचा. काढ्यानं हात थांबले होते. चार महिन्यांपूर्वी सगळ्यांचे पुन्हा कापायला लागले. काढा तोच, माणसं तीच. मग बदललं काय? औषध. चांगलं औषध कुणीतरी बाहेर विकलं आणि सीमेपलीकडचं बंदी घातलेलं जहर त्याच बाटल्यांत पातळ करून भरलं. ड्वुमाच्या टाकीत आज तेच जहर पातळ न करता ओतलं. ड्वुमाला हे कळलं. त्यानं बुधवारी बाटली सिस्टरकडं दिली. ते पाहिलं पंपांशी संबंध असलेल्या दोघांनी. न्यार्कोनं आणि एशुननं."

"म्हणून तर सांगतोय, न्यार्कोनं..." एशुन म्हणाला.

"काल पंप दुरुस्त केला. हो ना?"

"माझ्या डोळ्यांनी..."

"काल कुठला वार होता, एशुन?"

"गुरुवार. सुट्टी."

सगळ्यांच्या माना एशुनकडं वळल्या. मग मागून एक म्हातारा खदखदून हसला आणि लगेच थांबला.

"तुमच्या समुद्रकाठी मंगळवार पाळतात," अडाई म्हणाला. "होडी पाण्यात घालत नाहीत. पण किनाऱ्यावर बसून जाळी शिवतात, होडीला डांबर लावतात. सुट्टीच्या वारी अवजार नीट करायचं, ही तुमची रीत. माझी पहिली नेमणूक तिकडंच होती, पाहिलंय मी. आमच्याकडं गुरुवारी धरणीमाता झोपते. शेताचं अवजार नुसतं हलवायचं नाही. कोयत्याला धार लावायची नाही, टोपलीचा तुटलेला काथ्या बांधायचा नाही. न्यार्को उनाड आहे, तोंडाळ आहे. पण गुरुवारी मांडीवर पंप घेऊन बसला असता तर त्याच्या आईनंच त्याला गावातून हाकललं असतं."

"माझा वार चुकला असेल," एशुन म्हणाला. "बुधवार असेल."

"बुधवारी संध्याकाळपर्यंत पंप ड्वुमाच्या पाठीवर होता. तिथून थेट तुझ्या कुलपात गेला. कुलूप एक, किल्ली एक, झोपतानाही कमरेला. तूच म्हणालास. तू सोडून त्या पंपाला हात लावणारा कुणी नव्हताच. काल गाव घरात बसलं होतं. सोयीचा दिवस मिळाला तुला."

एशुनचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. अडाईनं हात पुढं केला. "किल्ली."

गोदामाच्या आतल्या खोलीत, रिकाम्या पोत्यांखाली, बिनलेबलाचा पिंप निघाला. झाकण उघडताच लसणाचा वास दारापर्यंत आला. शेजारी टोपलीभर निळी टोपणं. आणि कपडे धुण्याच्या साबणाची वडी, कोपरा खरवडलेली.

"मला त्याला मारायचं नव्हतं, सायेब," एशुन बाहेर येऊन म्हणाला. स्वच्छ शर्टाला पोत्याची धूळ लागली होती. "चार दिवस पडून राहिला असता. लोक काढ्याला नावं ठेवतील, बाटलीचं विसरतील, तोवर मी माल हलवीन, असं वाटलं."

"आणि म्हातारी?"

"तिला काय, दोन दिवस ठेवून सोडून देतील, असं..."

"गप," अडाई म्हणाला. "आता बोललास तर मलाच राग येईल, आणि राग यायचं माझं वय नाही."

सेरवा सिस्टर डोनकोरकडं वळली. "सिस्टर, आज काढ्यामुळंच जगला ना तो?"

"सुईमुळं जगलाय अजून. पुढचं उद्या कळेल," सिस्टर म्हणाली. "काढा गंजासाठी आहे, बाई. पुरासाठी नाही. आणि टोळीनं ऐका. काढा प्यायला म्हणून उघड्या पाठीनं फिरायचं नाही. पाठीला रबरी कापड, हाताला मोजे. नाहीतर आजीला सांगेन, काढा देऊ नको म्हणून."

"मी देणारच नाही," आजीनं परस्पर ठरवून टाकलं.

जीप आली ती साडेचारला, नेहमीप्रमाणं उशिरा. ड्रायव्हरनं काच खाली केली. "म्हातारी कुठाय?"

"म्हातारी नाही. हा." अडाईनं एशुनला मागच्या बाकावर ढकललं.

तेवढ्यात पोमाआजी टपरीतून बाहेर आली. डोक्याला फडकं बांधलेलं, काखेत झाकलेलं भांडं. तिनं दार उघडलं आणि एशुनच्या शेजारी चढून बसली.

"आजी, तू सुटलीस गं," अडाई म्हणाला. "उतर."

"दवाखाना वाटेतच आहे ना? ड्वुमापाशी रात्री कोण बसणार? सेरवा दोन रात्री काढेल, तिसरीला पडेल. मला तिथं सोडा." मग ती एशुनकडं वळली. त्याच्या बेड्यांकडं तिनं एकदा बघितलं. "सरक रे तिकडं, मासा. अंग चोरून बस. माझ्या कमरेत उसण भरलीय."

एशुन सरकला.

अडाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसला आणि त्यानं डोळे मिटले.